स्क्रू ड्रायव्हरची लाकडी मूठ: लेथवरून उतरली की अर्धीच झाली

प्रश्न थोडक्यात असा. वडील वायरमन होते, आता निवृत्त झालेत. त्यांच्या पेटीतल्या तीन जुन्या स्क्रू ड्रायव्हरांची पाती अजून ठणठणीत आहेत, पण प्लॅस्टिकच्या मुठी पांढऱ्या पडून त्यांचा भुगा होतोय. तुम्ही छोटा लेथ, म्हणजे लाकूड फिरवून कातायचं यंत्र, घेतलात, सागाच्या दोन मुठी कातून पाहिल्यात. एकीचं भोक तिरकं गेलं, दुसरी पातं ठोकताना उभी चिरली. आता लाकूड कोणतं घ्यायचं, भोक सरळ कसं पाडायचं आणि पातं आत फिरू नये म्हणून काय करायचं, हे तुम्हाला हवंय.

सांगतो. पण वायरमनचं नाव निघालं म्हणून एक गोष्ट आधीच. लाकडी मूठ म्हणजे विजेपासून संरक्षण नव्हे. कोरडं लाकूड वीज फारशी वाहत नाही हे खरं, पण घामाने किंवा पावसाळी हवेने ओलावलेल्या लाकडाचा भरवसा नाही, आणि मुठीच्या तोंडावर धातूची शेंबी, म्हणजे लाकूड चिरू नये म्हणून बसवलेलं कडं, असते ती नेमकी बोटांखाली येते. चालू लाइनवर हात घालायचा तर १००० व्होल्टचा शिक्का असलेलं, आयईसी ६०९०० या आंतरराष्ट्रीय प्रमाणात बसणारं हत्यारच हवं. वडिलांना हे स्वतःलाच माहीत असणार. पण उद्या घरातला दुसरा कोणी ती मूठ उचलून बोर्ड उघडेल, त्याला माहीत नसेल. या मुठी सुतारकामाच्या, बिजागऱ्यांच्या, शिलाई मशीनच्या.

आता तुमच्या प्रश्नात नसलेली, पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची बाब. पटाशीच्या मुठीवर ठोकतात, कानशीची मूठ ढकलतात, स्क्रू ड्रायव्हरची मूठ पिळतात. आणि लेथ आपल्याला काय देतो? गोल वस्तू. पिळायला गोल गुळगुळीत वस्तूइतकी वाईट वस्तू दुसरी नाही. म्हणून लेथवरून चकचकीत मूठ उतरली की नवशिक्याला वाटतं झालं, आणि तिथेच फसतो. उरलेलं अर्धं काम लेथ बंद केल्यावर आहे. त्याकडे शेवटी येतो.

पाती सोडवताना जुनं प्लॅस्टिक जाळू नका. एक तर धूर वाईट, दुसरं म्हणजे पात्याचं पाणी उतरतं. पोलाद तापून निळं पडलं म्हणजे साधारण ३०० अंशांपर्यंत गेलं, टोक मऊ झालं, मग ते स्क्रूच्या खाचेत वळणार. व्हाइसमध्ये मूठ धरा, करवतीने लांबीच्या दिशेने एक खाच पाडा आणि पटाशी घालून फोडा. अशा मुठींना खवट तुपाचा वास येतो, दचकू नका. या पारदर्शक मुठींच्या एका जातीच्या प्लॅस्टिकमधून वर्षांनुवर्षांनी जे आम्ल सुटतं तेच खवट लोण्यातही असतं.

लाकूड. सागाचा मोह सगळ्यांना होतो, कारण घरात तुकडे पडलेले असतात. चौकटीला, खुर्चीला साग उत्तमच. मुठीला मात्र तो सरळ रेषेत फाटतो, शिवाय हत्याराची धारही लवकर खातो. माझं पहिलं पसंतीचं लाकूड बाभूळ, आणि ते मी इमारती लाकडाच्या दुकानातून नाही, जळाऊ लाकडाच्या वखारीतून आणतो. मांडीएवढे जाड ओंडके, त्यातला लालसर तांबूस गाभा. ज्या लाकडाचे नांगर आणि बैलगाडीचे भाग घडत आले त्याला तुमचा स्क्रू भारी पडणार नाही. शिसम दिसायला राजा आहे आणि कातायलाही गोड, पण त्याच्या धुळीने काहींना शिंका येतात, अंग खाजतं, तेव्हा मास्क लावूनच. हेद पिवळट, बारीक पोताचा, लेथवर लोण्यासारखा चालतो, लहान मुठींना छान. पेरूची छाटलेली जाड फांदी मिळाली तर सोडू नका. धामण, तिवस मिळाले तर नशीब. आंबा, पांगारा, सावर नको. सावंतवाडीला पांगाऱ्याची खेळणी होतात ती त्याच्या हलकेपणामुळेच, इथे तोच हलकेपणा नडतो.

ओंडक्याचा मधला गर, म्हणजे बरोबर केंद्रातला भाग, मुठीत येऊ देऊ नका. तिथूनच चिरा सुटतात. ओंडका उभा चिरून चार भाग करा, प्रत्येकातून चाळीस-बेचाळीस मिलीमीटर चौरस आणि दीडशे मिलीमीटर लांब ठोकळा निघाला की पुरे. दोन्ही टोकांना फेव्हिकॉल किंवा मेण फासा, तारखा लिहा आणि माळ्यावर टाका. वाळलं कधी हे कळायला यंत्र लागत नाही. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर आठवड्याला एकदा ठेवा आणि आकडा ठोकळ्यावरच पेन्सिलीने लिहा. लागोपाठ तीन-चार आठवडे वजन तेच राहिलं की घ्या कामाला. एवढा धीर नसेल तर मोडक्या पलंगाचा जुना पाय शोधा, तो केव्हाच वाळलेला असतो. फक्त खिळे बघून घ्या.

पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं. जुलैत ठोकून घट्ट बसवलेली शेंबी एप्रिलमध्ये बोटाने फिरते. म्हणून मी मुठींचं शेंबीचं काम होळीनंतर आणि मिरगाआधी उरकतो. आक्रसलेल्या लाकडावर बसलेली शेंबी पावसात आणखी घट्टच होते.

आता भोक. तुम्ही मूठ आधी कातलीत आणि मग हातड्रिलने भोक पाडलंत, बरोबर? क्रम उलटा करा. आधी भोक, मग त्या भोकाभोवती मूठ काता. म्हणजे भोक तिरकं जायचं कारणच उरत नाही, कारण मूठच भोकाच्या रेषेत जन्माला येते.

चार जबड्यांचा चक, म्हणजे लेथवर लाकूड पकडायचा शिकंजा, असेल तर ठोकळा लेथच्या दोन टोकदार केंद्रांत धरून गोल करा, एका टोकाला चकात धरण्यापुरता खुंट काढा, चकात पकडा आणि मागच्या बाजूने ड्रिल चक लावून भोक पाडा. वेग पाचशे-सहाशे फेऱ्यांचा. आधी आखूड, जाड सेंटर ड्रिलने खळगा करून घ्या, नाहीतर बारीक ड्रिल रेषांच्या मागे जातं. दर दहा मिलीमीटरला ड्रिल बाहेर काढून भुसा झाडा. धूर दिसला म्हणजे उशीर झाला. एकशे पाच मिलीमीटरच्या मुठीला पंचावन्न ते साठ मिलीमीटर खोल भोक हवं. त्याहून कमी असेल तर पातं डुलतं.

चक नसेल तरी अडत नाही. चौकोनी ठोकळ्यातच जमेल तसं भोक पाडा, तिरकं गेलं तरी चालेल. मग त्यात एक लांब, सरळ सळई घाला. सळई ज्या दिशेला बघतेय तीच खरी मूठ. ठोकळ्याच्या दोन लगतच्या बाजूंवर पट्टी ठेवून सळईची रेष मागच्या टोकापर्यंत पेन्सिलीने ओढत न्या. त्या दोन रेषा मागच्या तोंडावर जिथे छेदतात तिथे पुढच्या केंद्राचा ठोका मारा. भोकाच्या तोंडाशी मागचं शंकूसारखं फिरतं केंद्र लावा. लेथ चालू केल्यावर ठोकळा वेडावाकडा नाचताना दिसेल, घाबरू नका, लाकडाचं बाहेरचं अंग तिरकं आहे, आतलं भोक सरळ आहे. म्हणूनच ठोकळा थोडा जाड घ्यायचा. अशा वेळी सुरुवातीचा वेग अगदी कमी ठेवा, आणि चालू करण्याआधी हाताने एक पूर्ण फेरा देऊन टूल रेस्टला, म्हणजे हत्यार टेकवायच्या पट्टीला, अडत नाही ना ते बघा.

कातण्याबद्दल फार लिहीत नाही, ते हात सांगेल. फक्त क्रम सोडू नका: हत्यार आधी रेस्टवर टेकवा, मग त्याची पाठ फिरत्या लाकडाला घासू द्या, आणि मग हळूच मागचा दांडा उचलून धार लागू द्या. थेट धार घातलीत तर लाकूड हत्यार हिसकावून घेतं. चाळीस मिलीमीटरच्या लाकडाला खडबडीत कामात हजार-बाराशे फेऱ्या, शेवटच्या हाताला दोन हजारांच्या आसपास. लांब बाह्या, हातमोजे, गळ्यातली साखळी काही नको. चेहऱ्यावर पारदर्शक मुखवटा हवाच. पुसायला कापड नको, कागद. कागद अडकला तर फाटतो, कापड बोट घेऊन जातं.

आकार वडिलांच्या हातावरून घ्या, इंटरनेटवरच्या फोटोवरून नाही. एक युक्ती आहे. जाडसर लाटण्याच्या टोकाला घट्ट मळलेली कणीक थापा आणि वडिलांना म्हणा, स्क्रू आवळताना धरता तसं धरा. कणकेत तळहाताचा खोलगट ठसा कुठे येतो आणि अंगठा कुठे टेकतो ते बघा. बोटांचे खळगे मात्र मुठीत कोरू नका. खळगे केले की मूठ एकाच पकडीची होते, आणि स्क्रू ड्रायव्हर हातात सतत फिरत असतो. बहुतेक हातांना मोठ्या पात्यासाठी ३२ मिलीमीटरचं पोट, मध्यम पात्यासाठी २८ आणि लहानासाठी २२ जमतं. पोट मागच्या दोन-तृतीयांशात ठेवा, पुढे मान अठरा-वीसवर आणा. मान यासाठी की स्क्रू सैल असताना आपण मूठ पिळत नाही, बोटांच्या टोकांनी मानेजवळ गरगर फिरवतो. मागचं टोक तळहातात बसेल असं घुमटासारखं. टोकदार घुमट दहा स्क्रूंनंतर हाताला टोचायला लागतो, तो दिसायला कितीही नाजूक असो.

शेंबीसाठी पितळेचा पाइप शोधत फिरू नका. एसी बसवणाऱ्याकडे तांब्याच्या पाइपचे तुकडे पडलेले असतात, त्यातला पाच-अष्टमांश इंचाचा मागून घ्या. बाहेरून साधारण सोळा मिलीमीटर, आतून चौदाच्या वर. चौदा-पंधरा मिलीमीटर लांब तुकडा कापा, आतली कड कानशीने मोडा. मुठीच्या पुढच्या टोकाला त्याच्यासाठी खुंट काता आणि कॅलिपरने मोजत राहा. पाइपच्या आतल्या मापापेक्षा केसभर जाड ठेवा, म्हणजे लाकडी ठोकळ्याच्या आधाराने ठोकावं लागेल एवढं. शेंबी बसल्यावर पुन्हा लेथवर चढवून कानस आणि पॉलिश पेपरने तांबं आणि लाकूड एका रेषेत आणा. तांबं लवकर तापतं, बोट लावून बघू नका.

तुमची दुसरी मूठ चिरली ती इथेच. शेंबी नव्हती, भोक पात्यापेक्षा बारीक होतं आणि लाकूड साग. तिन्ही एकत्र आल्यावर ती चिरली नसती तरच नवल.

पातं आत का फिरतं, याचा हिशोब करून बघा. हाताने जोरात आवळताना पाच न्यूटन-मीटरचा पीळ धरू. ३२ मिलीमीटरच्या मुठीवर तो तळहाताला साधारण ३२ किलोच्या जोरासारखा जाणवतो. तोच पीळ सहा मिलीमीटरच्या गोल सळईच्या अंगावर पोचतो तेव्हा सुमारे १७० किलो होतो. गुळगुळीत सळईला लावलेला कोणताही गोंद हे रोज सोसत नाही. लाख तर नाहीच. विळ्या-कोयत्याच्या मुठीत लाख भरून तापवलेलं पातं खोवण्याची आपली पद्धत चांगली आहे, पण तिथे ओढ आणि दाब असतो, पीळ नाही.

म्हणून पात्याच्या आत जाणाऱ्या शेपटाला कान हवेत. तुमच्या जुन्या पात्यांना ते बहुधा असतीलच, शेपटाजवळ दोन बाजूंना चेपून काढलेले पंखासारखे. नसतील तर शेपटाचं टोक लाल करून ऐरणीवर आठ मिलीमीटर रुंद होईल एवढं चपटं ठोका. त्या वेळी पात्याचं कामाचं टोक ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, म्हणजे त्याचं पाणी उतरणार नाही. शेपूट मऊ झालं तरी बिघडत नाही. सळई सहाची असेल तर भोक सहाचंच ठेवा, आणि कानांसाठी भोकाच्या दोन्ही अंगांना हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्याने खाचा काढा, कानांच्या रुंदीपेक्षा किंचित कमी. मग कान लाकडात स्वतःची वाट चेपत जातात आणि अडकून बसतात.

आता गोंद, म्हणजे अराल्डाइट. दोन नळ्यांचं, सावकाश जमणारं घ्या. पाच मिनिटांचं घाईच्या कामाला ठीक. शेपूट कानशीने खरवडा, थिनरने पुसा. आणि एक गोष्ट मी फटका खाऊन शिकलो. एका गिऱ्हाइकाच्या सहा मुठी संध्याकाळी चिकटवून उभ्या करून ठेवल्या होत्या. सकाळी बघतो तर चार पाती चार-पाच मिलीमीटर वर आलेली आणि तशीच घट्ट झालेली. भोकाच्या तळाशी हवा कोंडली होती, तिने रात्रभरात पाती ढकलून दिली. तेव्हापासून शेपटाच्या अंगावर कानशीने एक लांब बारीक खाच पाडतो, हवा आणि जादा गोंद तिच्यातून वर येतो. गोंद भोकाच्या भिंतींना लावा, तळ भरू नका.

पातं ठोकायचं कसं? टोकावर हातोडा मुळीच नको. खुरप्याला मूठ घालताना आजोबा काय करायचे आठवा: पातं वर, मूठ खाली, आणि मुठीचं बूड दगडावर आपटायचं. पातं आपल्याच वजनाने आत उतरतं. इथे पातं हलकं आहे, म्हणून व्हाइसच्या जबड्यांत तांब्याचे किंवा लाकडाचे तुकडे घालून पातं उभं घट्ट धरा, टोक खाली, आणि मुठीच्या बुडावर लाकडी मोगरीने हलके ठोके द्या. दर दोन ठोक्यांनी दोन बाजूंनी डोळा लावून सरळ आहे ना ते बघा. म्हणून बुडाचा घुमट शेवटचा गुळगुळीत मी यानंतरच करतो, ठोक्यांचे वण निघून जातात.

आता ते राहिलेलं अर्धं काम, पैलू.

कागदाची एक पट्टी मुठीच्या पोटाभोवती गुंडाळा, जिथे टोकं एकमेकांवर येतात तिथे कापा, आणि तिच्या सहा सारख्या घड्या घाला. पुन्हा गुंडाळून घड्यांच्या जागी पेन्सिलीच्या खुणा. मूठ व्हाइसमध्ये चामड्यात धरा आणि लाकडाच्या खरबरीत कानशीने मानेपासून घुमटापर्यंत एकेक पट्टा सपाट करत या. किती खोल? ३२ च्या मुठीवर दीड मिलीमीटर पुरे. त्यात तेरा मिलीमीटर रुंद पट्टा मिळतो आणि दोन पट्ट्यांमध्ये गोलाईची बारीक पट्टी शिल्लक राहते. ती पट्टी ठेवाच. पूर्ण षटकोन केलात तर कडा हाताला कापतील. आठ पैलू दिसायला सुरेख, पण पुन्हा गोलाच्या जवळ गेलो, पकड कमी. इंग्लंडमधल्या जुन्या सुतारी स्क्रू ड्रायव्हरांची मूठ चपटी लंबगोल असायची, तीही याच कारणासाठी. तुम्हाला जमली तर दोनच मोठे समोरासमोरचे सपाट भाग काढून तसा आकार करून बघा. मला स्वतःला सहाच आवडतात. आणखी एक फायदा, हत्यार टेबलावरून घरंगळत पायावर पडत नाही.

पॉलिश पेपर २४० वर थांबवा. पुढे चारशे, सहाशे करत गेलात तर मूठ काचेसारखी होईल आणि घामट हातात निसटेल. लाखेचा रंगही याच कारणाने नको. चन्नपट्टणची खेळणी लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबून रंगवतात आणि केवड्याच्या पानाने चमकवतात, ती चमक खेळण्याला शोभते. इथे रंगाच्या दुकानातलं डबल बॉइल्ड जवसाचं तेल घ्या. पातळ हात, पंधरा मिनिटांनी जादा तेल पुसून टाकायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा, असे तीन-चार हात. खोबरेल नको, ते कधी वाळतच नाही. आणि जवसाच्या तेलाची चिंधी गोळा करून कोपऱ्यात फेकू नका. वाळताना ती तापते आणि आपोआप पेट घेऊ शकते. दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

वडिलांचं नाव कोरू का, असंही तुम्ही विचारलंय. कोरा, पण बुडावर नको, तिथे तळहात घासतो, वर्षभरात पुसट होईल. एखाद्या पैलूवर, मानेकडच्या टोकाला. त्यापेक्षा मला एक जुनी खूण जास्त उपयोगाची वाटते. वायरमनच्या पिशवीत हत्यारं पाती खाली, बुडं वर अशी असतात. म्हणून तिन्ही मुठी लेथवर असतानाच बुडाजवळ काळी कडी जाळून घ्या: लहानाला एक, मध्यमाला दोन, मोठ्याला तीन. पटाशीच्या टोकाने बारीक खाच पाडायची आणि फिरत्या लाकडावर तीत बारीक लोखंडी तार ताणून धरायची. पाच-सात सेकंदांत धूर येतो, रेष काळी होते. तार बोटांना गुंडाळू नका, दोन्ही टोकांना लाकडाचे छोटे दांडे बांधून ते धरा. आणि पैलू पाडताना कानस त्या कड्यांच्या अलीकडेच थांबवा, नाहीतर काळी रेष सहा ठिकाणी तुटलेली दिसेल.